कर्करोगासाठी कापलेली चेहऱ्याची नस आणि हातातून घेतलेलं कलम: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण पन्नाशीतले, पेशाने शिक्षक, बऱ्याच वर्षांचा मधुमेह. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वॉर्डात सगळे त्यांना सर म्हणायचे, म्हणून इथेही सरच.

सुरुवात ओठापासून झाली. चूळ भरताना उजव्या कोपऱ्यातून पाणी ओघळायचं. मग शिकवताना प, ब, भ ही अक्षरं फुसकी निघायला लागली. ओठ घट्ट मिटल्याशिवाय ती निघत नाहीत, आणि उजवा अर्धा ओठ मिटायचाच नाही. महिन्या-दीड महिन्याने उजवा डोळाही पुरता बंद होईना. तेव्हा त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. ‘तोंडाचा लकवा, बेल्स पाल्सी, बहुतेकांचं आपोआप बरं होतं’ असं सांगून स्टेरॉइडचा कोर्स दिला गेला. साखर चढली, चेहरा होता तसाच राहिला.

बेल्स पाल्सीत बहुतेक रुग्ण खरोखरच बरे होतात, तेव्हा दिलेला धीर खोटा नव्हता. चूक निदानात होती. बेल्स पाल्सी अचानक येते आणि दोन-तीन दिवसांत पूर्ण उमटते. आधी ओठ, मग गाल, मग डोळा अशी आठवड्यामागून आठवडे सरकत येणारी कमजोरी म्हणजे बेल्स पाल्सी नव्हे, दुसरी कारणं तपासून बाजूला काढेपर्यंत तरी नव्हे. चेहऱ्याची एखादीच शाखा लुळी पडणं, स्नायू फडफडणं, कानापुढे सतत दुखणं, चार महिन्यांत काहीच परत न येणं, यातलं एक जरी असलं तरी एमआरआय करायला हवा. सरांमध्ये यातली सगळीच लक्षणं होती, तरी आठ महिने गेले. शेवटी दाढी करताना कानाच्या पाळीखाली बोराएवढी कडक गाठ त्यांच्या स्वतःच्याच हाताला लागली.

एमआरआयमध्ये पॅरोटिडमध्ये, म्हणजे कानापुढच्या लाळग्रंथीत, गाठ दिसली. तिथून कानामागच्या हाडातल्या छिद्रापर्यंत चेहऱ्याची नस (चेहऱ्याचे स्नायू हलवणारी फेशियल नर्व्ह) जाड आणि उजळ दिसत होती. सुईने पेशी काढून तपासल्यावर निदान आलं: अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. हा कर्करोग हळू वाढतो, पण नसांच्या आवरणातून लांबवर सरकत जातो आणि फुप्फुसात उशिरा, कधी कधी दहा-पंधरा वर्षांनीही, उगवतो. छातीचा सीटी स्वच्छ होता.

अडचण नेमकी कुठे होती

चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातून बाहेर पडते, लाळग्रंथीत शिरते आणि तिथे तिच्या दोन मोठ्या फांद्या होतात. पुढे त्यांच्या पाच मुख्य शाखा: कपाळ, डोळा व गालाचा वरचा भाग, गाल व वरचा ओठ, खालचा ओठ, आणि मान. नसेत सुमारे दहा हजार तंतू असतात, त्यातले साधारण सात हजार चेहऱ्याचे स्नायू हलवतात. गाठ नेमकी त्या दुभाजनाच्या जागी बसली होती.

नस आधी नीट चालत असेल आणि गाठ तिच्यावरून सोलून निघत असेल, तर नस वाचवतात, त्याबद्दल आज फारसा वाद नाही. इथे नस आधीच लुळी होती आणि एमआरआयवर बाधित दिसत होती. ती ठेवणं म्हणजे कर्करोग ठेवणं. कापावी लागणार हे ठरल्यातच जमा होतं.

अवघड होतं ते पुढचं संभाषण. सरांचा डोळा तेव्हा जोर लावला तर जवळजवळ मिटत होता, गालात थोडा ताण होता. हाउस-ब्रॅकमन ही १९८५ पासून वापरात असलेली सहा पायऱ्यांची मोजपट्टी. तीत पहिली पायरी म्हणजे निरोगी चेहरा, सहावी म्हणजे हालचाल शून्य. सर चौथ्यावर होते. ऑपरेशननंतर ते सहाव्यावर जाणार होते, आणि सगळं मनासारखं झालं तर दीड-दोन वर्षांनी तिसऱ्यावर येणार होते. कलमाने, म्हणजे मधे दुसऱ्या नसेचा तुकडा घालून, नस जोडल्यावर तिसऱ्याहून चांगल्या पायरीवर क्वचितच कुणी जातं.

‘‘म्हणजे आहे तेही जाणार आणि पुन्हा पूर्ण येणारच नाही?’’ त्यांच्या पत्नीने विचारलं. ‘‘हो ताई. ऑपरेशन चेहऱ्यासाठी नाहीये, गाठीसाठी आहे. चेहऱ्याचं जेवढं परत आणता येईल तेवढं त्याच बैठकीत करायचं.’’ सर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच गोष्ट मागितली: डोळा वाचवा, आणि बोलणं कळेल एवढा ओठ द्या. कपाळावर आठ्या पडल्या नाहीत तरी चालेल, आठ्या पाहून मुलं तशीही घाबरत नव्हती.

हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे. पुढचे निम्मे निर्णय त्यावर बेतलेले आहेत.

आधी तपासलेल्या गोष्टी

कलम लावायचं तर पलीकडचे स्नायू जिवंत हवेत. नस तुटून बारा ते अठरा महिने झाले की स्नायू सुकायला लागतात. दोन वर्षांनंतर त्यांच्यापर्यंत नस पोहोचवूनही सहसा उपयोग होत नाही. सरांची कमजोरी आठ महिन्यांची होती, पण हळूहळू आलेली. ईएमजीमध्ये, म्हणजे स्नायूंतली वीज मोजणाऱ्या चाचणीत, डोळ्याभोवतीच्या स्नायूत स्वतःहून केलेली हालचाल नोंदली गेली. खालच्या ओठाच्या स्नायूत बहुतांशी फक्त नस तुटल्याची खूण असलेली फडफड होती. स्नायू उपाशी होते, मेलेले नव्हते.

दुसरी तपासणी चावण्याच्या स्नायूची. कानापुढून जाणारी एक बारीक संवेदनेची नस चेहऱ्याच्या नसेला ट्रायजेमिनल या, चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या आणि चावण्याचे स्नायू हलवणाऱ्या नसेच्या तिसऱ्या शाखेशी जोडते, आणि हा कर्करोग त्या वाटेने मेंदूच्या तळाकडे जाऊ शकतो. चावण्याच्या स्नायूची नस याच तिसऱ्या शाखेची. ती चेहऱ्यासाठी उसनी घ्यायची शक्यता असेल तर ती वाट आधी स्वच्छ आहे ना, हे पाहायलाच हवं. एमआरआयमध्ये ती मोकळी दिसली, दात आवळल्यावर स्नायू दोन्ही बाजूंना सारखाच टणक लागत होता, आणि बुबुळाला कापसाचा धागा लावला की सर दचकत होते. शेवटच्या गोष्टीचं महत्त्व पुढे कळेल.

तिसरी तपासणी पायांची. पिंडरीमागची सुरल नस ही कलमासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी नस आहे: सहज सापडते, तीस सेंटीमीटरच्या वर लांबी मिळते, तोटा म्हणजे पावलाची बाहेरची कड बधिर होते. सरांच्या पायांना मुंग्या यायच्या. नसांच्या वेगाची चाचणी केली तेव्हा दोन्ही सुरल नसांतून प्रतिसादच आला नाही.

कोणते पर्याय होते

*आत्ता की नंतर?* कर्करोगाचं ऑपरेशन आधी, चेहरा वर्षभराने, हा मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो. ऑपरेशन छोटं होतं आणि कडा स्वच्छ आल्याची, म्हणजे त्यांत कर्करोग उरला नसल्याची, अंतिम पॅथॉलॉजी हातात येते. पण वर्षभराने त्या जागी व्रण आणि रेडिएशनने घट्ट झालेली ऊती असते, कापलेल्या शाखांची टोकं शोधणं जवळजवळ अशक्य होतं आणि स्नायूंचं घड्याळ चालूच असतं. रेडिएशनने कलम जळून जाईल ही भीतीही ऐकू येते. प्रत्यक्षात ऑपरेशननंतर रेडिएशन घेतलेल्या रुग्णांतही कलमातून हालचाल परत येते, त्यामुळे तेवढ्यासाठी थांबायचं कारण नव्हतं. त्याच बैठकीत जोडायचं ठरलं.

*कलम कुठून?* यावर सर्वांत जास्त चर्चा झाली.

त्याच बाजूची, कानाच्या पाळीकडे जाणारी ग्रेट ऑरिक्युलर नस हाताशी असते, पण ती गाठीच्याच शेजारून जाते. कर्करोगाच्या आवारातली नस कलमाला घेणं मला पटत नाही. विरुद्ध बाजूची घेता आली असती, पण तिची लांबी सात ते दहा सेंटीमीटर, आणि आम्हाला एकापेक्षा जास्त दोर लागणार होते.

सुरल नस वर लिहिलेल्या कारणाने मागे पडली. आजारी नसेचं कलम लावलं तरी त्यातून नवे तंतू वाढतात, कारण कलमाचा उपयोग मुख्यतः रिकाम्या नळ्यांच्या मार्गासारखा असतो. तरी मार्गातल्या पेशी धडधाकट असाव्यात, हे बरं. त्याहून मोठी भीती पायाची होती. मधुमेही माणसाच्या पावलाची उरलीसुरली संवेदना आपणच कापायची आणि नंतर तिथे जखम झाली तर नशिबाला बोल लावायचा, हे योग्य नाही.

दान केलेली नस हा तिसरा पर्याय. दोन प्रकार. मृत दात्याची ताजी नस लावली तर शरीर ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं महिनोन्‌महिने द्यावी लागतात. कर्करोग असलेल्या माणसात हा विचारही करू नये. दुसरा प्रकार म्हणजे प्रक्रिया केलेली नस: तिच्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढतात आणि नळ्यांचा सांगाडा तेवढा ठेवतात. ती शरीर नाकारत नाही, दुसरी जखम करावी लागत नाही, पेटी उघडली की तयार. सरांच्या मुलाला हाच पर्याय आवडला होता. ‘‘बाबांना आणखी एक जखम कशाला?’’ प्रश्न रास्त होता. पण त्या सांगाड्यात श्वान (Schwann) पेशी नसतात. नव्या तंतूंना खतपाणी घालणाऱ्या या पेशी दोन्ही टोकांकडून आत सरकत यायला लागतात. लहान अंतरात हे जमतं, लांब अंतरात त्या मधेच दमतात. तयार मिळणाऱ्या अशा तुकड्यांची लांबीही साधारण सात सेंटीमीटरपर्यंतच असते. आमचं अंतर आठच्या आसपास जाईल असं दिसत होतं, रुग्ण मधुमेही, वर रेडिएशन. बोटाच्या संवेदनेची दोन सेंटीमीटरची नस असती तर मी हाच पर्याय सुचवला असता.

उरला हात. दंडाच्या आतल्या बाजूने जाणारी संवेदनेची नस, मेडियल अँटिब्रेकियल क्युटेनियस, पंधरा-वीस सेंटीमीटर मिळते आणि कोपराच्या वर तिचे दोन फाटे होतात. चेहऱ्याच्या नसेलाही दुभाजन असतंच, म्हणजे फाटे आयते. बदल्यात कोपराच्या आतला भाग बधिर होतो. नसांच्या चाचणीत हातातली ही नस चांगली होती. सर उजव्या हाताने फळ्यावर लिहायचे, म्हणून डावा हात ठरला.

*एकाच उगमातून सगळं, की दोन?* खरा प्रश्न हा होता. कापलेल्या बुंध्याला कलम लावून सगळ्या शाखांना जोडता येतं. पण दोन सांधे पार करून पलीकडे पोहोचणारे तंतू मूळच्यापेक्षा बरेच कमी असतात, आणि पोहोचतात तेही वाट चुकून. डोळ्याचा तंतू ओठात शिरतो, ओठाचा डोळ्यात. पाटाचं थोडं पाणी पाचही वाफ्यांत सोडलं की एकही वाफा भिजत नाही. इथे तसंच होतं. म्हणून बुंध्याचे तंतू डोळ्याच्या शाखेला आणि गालाच्या ताणाला, आणि हसण्यासाठी चावण्याच्या स्नायूची नस वेगळी, असं सुचवण्यात आलं.

उसनी नस आपला जुना मालक विसरत नाही. चेहऱ्याची नस दुसऱ्या नसेशी जोडण्याचे प्रयत्न जुने आहेत. इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅलन्स यांनी १८९५ मध्ये ती खांद्याच्या नसेला जोडली होती, तेव्हा रुग्णाचा चेहरा खांद्याबरोबर हलायचा. जिभेची नस वापरली तर अर्धी जीभ सुकण्याची भीती. चावण्याच्या स्नायूची नस त्या मानाने फार सोयीची: ती गालाच्या शाखेपासून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर असते, मधे कलम लागत नाही, एकच सांधा. एक शाखा काढून घेतली तरी चावणं चालू राहतं. आणि दात आवळणं व हसणं यांचं मेंदूत जमवून घेणं खांद्यापेक्षा किती तरी सोपं.

कपाळाच्या शाखेला काहीच द्यायचं नाही, असं ठरलं. कपाळ कलमाने क्वचितच परत येतं, आणि सरांनी ते मागितलंही नव्हतं. खालच्या ओठाच्या शाखेवर मतभेद राहिला. माझं म्हणणं होतं की तिथले स्नायू सर्वांत कमकुवत, तिथे तंतू घालवू नयेत. सहकाऱ्याचं म्हणणं, रुग्णाने बोलणं मागितलं आहे. शेवटी बोलण्यासाठी ओठ मिटणं महत्त्वाचं, खालचा ओठ खाली ओढणं तितकं नाही, या मुद्द्यावर ती शाखा सोडली.

शस्त्रक्रिया

काही कापण्याआधी चेहऱ्याच्या शाखा गालातून शोधून काढल्या, विजेच्या बारीक टोकाने स्पर्श करून कोणती शाखा काय हलवते ते पाहिलं आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा फीतधागा बांधला. हे काम नस कापण्याआधीच करायचं असतं. कापल्यावरही पलीकडचं टोक तीनेक दिवस विजेला प्रतिसाद देतं, मग कायमचं मुकं होतं. पण रक्ताने माखलेल्या जागेत शोधत बसण्यापेक्षा आधी केलेलं बरं. डोळ्याच्या शाखेला टोक लागलं की पापणी किंचित थरथरत होती. खालच्या ओठाकडे काहीच नाही.

गाठ ग्रंथीसकट आणि नसेच्या दुभाजनासकट निघाली. मानेतल्या लसिका गाठी काढल्या. नसेचं वरचं टोक हाडाच्या छिद्राजवळ कापून लगेच फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून करायच्या तपासणीला, पाठवलं. वीस-पंचवीस मिनिटांनी फोन आला: टोकात कर्करोग आहे.

हा दिवसातला सर्वांत कठीण क्षण. कानामागचं हाड कोरून नसेचा उभा भाग उघडला आणि आणखी वरून तुकडा पाठवला. तो स्वच्छ आला. आणखी वर जायचं का? जितकं वर जाऊ तितकं सुरक्षित वाटतं, पण हा कर्करोग नसेत मधे मधे जागा सोडूनही पसरतो, त्यामुळे एका स्वच्छ तुकड्याने शंभर टक्के खात्री कधीच मिळत नाही. आणि आणखी वर गेलं तर ऐकू येणं धोक्यात. एक स्वच्छ कड, पुढे रेडिएशन, इथे थांबायचं असं कान-नाक-घसा तज्ज्ञांशी बोलून ठरलं.

अंतर मोजलं: आठ सेंटीमीटर. कलम थोडं सैल बसावं म्हणून दहा टक्के जास्त लांबी घेतली. सांध्यावर ताण आला की सांधा फसतो. १९७० च्या दशकात मिलेसी यांनी ताण न देता जोडण्याचा आग्रह धरला, तो नियम आजही कुणी मोडत नाही. कलम सहसा उलटं लावतात, म्हणजे वाढणारे तंतू बाजूच्या बारीक फाट्यांतून बाहेर पळत नाहीत. इथे आम्हाला फाटेच हवे होते, म्हणून सुलटं लावलं: जाड टोक बुंध्याकडे, एक फाटा डोळ्याच्या शाखेला, दुसरा गालाच्या वरच्या शाखेला.

हाडातल्या नसेला बाहेरच्यासारखं जाड आवरण नसतं, टाका धरत नाही. तिथे कलमाचं टोक हाडाच्या पन्हळीत नसेसमोर टेकवलं, एक टाका आणि फायब्रिनचा गोंद. गालातले सांधे सूक्ष्मदर्शकाखाली, १०-० नायलॉनने. हा धागा डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतो आणि मोठ्याने श्वास सोडला की हलतो. प्रत्येक सांध्याला तीन-चार टाके. टाके जास्त झाले की तिथे व्रण होतो आणि तंतू अडतात, तेव्हा कमी टाक्यांत भागवण्यातच कसब. मग चावण्याच्या स्नायूची नस: कानाच्या पुढच्या उंचवट्यापासून तीन सेंटीमीटर पुढे, गालाच्या हाडाच्या कमानीखाली एक सेंटीमीटर, स्नायूच्या आत. हसण्याच्या शाखेला थेट जोडली. गाठ काढून पडलेला खड्डा मानेच्या स्नायूचा पट्टा फिरवून भरला, म्हणजे कलमाखाली रक्तपुरवठा असलेली गादी आली.

पापणीत वजन घालायचं का, हा निर्णय त्या दिवशी पुढे ढकलला. सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा ग्रॅम-सव्वा ग्रॅमचा तुकडा वरच्या पापणीत बसवला की डोळा वजनाने मिटतो. नेत्रतज्ज्ञांना रेडिएशनच्या क्षेत्रालगत धातू नको होता, आणि थेंब, मलम व रात्री पट्टी यावर काही आठवडे निघतील असा अंदाज होता.

नंतरचे महिने

रेडिएशन सहाव्या आठवड्यात सुरू झालं. त्याच्या तिसऱ्या आठवड्यात सर डोळा लाल घेऊन आले. पापणी उघडी राहून बुबुळावर ओरखडा आला होता. डोळ्याला संवेदना होती म्हणून दुखलं, आणि दुखलं म्हणून ते वेळेवर आले. संवेदना नसलेला डोळा मुकाट्याने पिकतो. पापण्यांच्या कडा बाहेरच्या कोपऱ्यात तात्पुरत्या शिवल्या, व्रण भरला, आणि रेडिएशन संपल्यावर प्लॅटिनमचं वजन बसवलं. त्याने एमआरआयला अडथळा येत नाही, आणि सरांना पुढे किती तरी एमआरआय लागणार होते.

नसेचे तंतू दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढतात. कलम आठ सेंटीमीटर, पलीकडची शाखा तीन-चार, सुरुवातीचे काही आठवडे वाढच नाही. कागदावर पाच महिने. सरांनी हा हिशेब वहीत मांडून ठेवला होता. पाचवा महिना उलटला आणि डोळ्यात काहीच हललं नाही तेव्हा ते खचले. कागदावरचा हिशेब सांध्यांवरचा उशीर, मधुमेह आणि स्नायू जागे व्हायला लागणारा वेळ धरत नाही, हे आधीच सांगितलं होतं. पण अशी गोष्ट एकदा सांगून पुरत नाही.

दरम्यान हसण्याची नस मात्र वेळेआधी उठली. चौथ्या महिन्यात दात आवळले की उजवा कोपरा हलायला लागला. फिजिओथेरपिस्टने आरशासमोर बसवून क्रम लावून दिला: आधी मागचे दात पूर्ण आवळायचे आणि कोपरा किती सरकतो ते पाहायचं. मग डाव्या बाजूला लहान हसू, उजवीकडे तेवढंच आवळणं, दोन्ही कोपरे एका उंचीवर. मग आवळणं निम्मं करायचं. मग दात न टेकवता नुसता विचार. मोठं हसू काढायचा मोह आवरायचा, कारण मोठ्यात डावी बाजू पळते आणि उजवी मागे पडते. सर शिस्तीचे, रोज दोन वेळा, न चुकता.

कलमातून पहिली खूण आठव्या महिन्यात आली, हालचाल नव्हे तर ताण. गाल लोंबायचा थांबला, घास गालात अडकायचा कमी झाला. डोळ्याची हालचाल अकराव्या महिन्यात सुरू झाली.

परिणाम

दोन वर्षांनी सर तिसऱ्या पायरीवर आहेत. हलका जोर लावला की डोळा मिटतो. झोपेत वजनाची मदत लागते, म्हणून ते काढलेलं नाही. ओठ मिटतो, प आणि ब निघतात. ते पुन्हा शिकवतात, दमल्यावर शेवटच्या तासाला अक्षरं थोडी सैल होतात.

जे चांगलं झालं नाही तेही लिहायला हवं. जेवताना उजवा गाल प्रत्येक घासाला उचकतो, ही उसन्या नसेची किंमत. डोळा मिटताना गाल ओढला जातो. वाट चुकलेल्या तंतूंमुळे होणाऱ्या या प्रकाराला सिंकायनेसिस म्हणतात. त्यासाठी काही महिन्यांच्या अंतराने बोटुलिनम टॉक्सिनची, म्हणजे स्नायू तात्पुरता ढिला करणाऱ्या औषधाची, अगदी थोडी मात्रा देतो. खालचा ओठ उजवीकडे खाली जात नाही, म्हणून तीच सुई डाव्या बाजूच्या ओठ ओढणाऱ्या स्नायूलाही, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. निरोगी बाजू थोडी दुबळी करून चेहरा समतोल दिसतो, हे रुग्णांना पटवायला वेळ लागतो. सरांना लगेच पटलं. डाव्या कोपराच्या आत तळहाताएवढा भाग बधिर आहे, त्याची त्यांना आठवणही करून द्यावी लागते. पावलं पूर्वी होती तशीच आहेत.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिली जागा आमच्या हातात नव्हती: ते आठ महिने. गाठ लहान असताना आणि नसेचा वरचा भाग स्वच्छ असताना रुग्ण आला असता तर हाड कोरावं लागलं नसतं, कलम तीन-चार सेंटीमीटर आखूड झालं असतं. बेल्स पाल्सीचं निदान देताना पुढची तारीख देणं आणि त्या तारखेला चेहरा नीट तपासणं, इतकंच त्यासाठी लागतं.

दुसरी जागा पापणीच्या वजनाची. धातू रेडिएशनच्या क्षेत्रात नको हा आक्षेप बरोबर आहे, पण क्षेत्र कानाभोवती होतं, डोळा त्याच्या कडेला. रेडिएशनच्या आखणीआधी तिन्ही विभाग एका खोलीत बसले असते तर वजन पहिल्याच बैठकीत बसू शकलं असतं, किंवा निदान पापण्यांचे कोपरे आधीच शिवता आले असते. मधुमेही माणसाला हाताने वेळेवर थेंब घालायला लावून आठवडे काढायचे, हा अंदाज कागदावरच चांगला दिसतो.

तिसरी, खालच्या ओठाची शाखा. आज मागे पाहताना माझं मत बदललेलं नाही, सहकाऱ्याचंही नाही. सुईने भागतं आहे, पण ती आयुष्यभर टोचावी लागेल. हातातल्या कलमाचा एक बारीक फाटा उरला होता. तो तिथे लावला असता तर थोडा ताण आला असता, की डोळ्याचे तंतू कमी झाले असते, हे एका रुग्णावरून कुणालाच सांगता येणार नाही.

चौथी अगदी साधी आहे. ऑपरेशनआधीचे फोटो होते, चलचित्र नव्हतं. बोलताना, जेवताना, डोळा मिटताना चेहरा कसा हलायचा याची नोंद असती तर दोन वर्षांच्या तपासण्यांत तुलना सोपी गेली असती, आणि पाचव्या महिन्यात खचलेल्या सरांना गालातला सूक्ष्म बदल दाखवता आला असता. आता प्रत्येक रुग्णाचं एका मिनिटाचं चित्रण पहिल्याच भेटीत होतं, त्यांची संमती घेऊन.

भुवई उचलण्याचं छोटं ऑपरेशन सरांना सुचवलं होतं, त्यांनी नको म्हटलं. छातीचा सीटी आणि चेहऱ्याचा एमआरआय ठरलेल्या अंतराने चालू आहेत, आणि या कर्करोगाचा स्वभाव पाहता ते अनेक वर्षं चालू ठेवावे लागतील.